पॅराशूट दगा देतं तेव्हा

नेकनूर-मांजरसुंबा रस्त्यावर पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरांपैकी एखाद्याच्या डोळ्यांसमोर पॅराची मरून टोपी असते. गावातून शिकून पुण्याला किंवा आखातात नोकरीला लागलेला एखादा सहलीत विमानातून उडी मारून येतो. दिवाळीच्या सुट्टीत बायकापोरांना घेऊन मालवणला, गोव्याला जाणारे तर घरोघरी आहेत. तिथे बोटीमागच्या छत्रीला लटकून फोटो काढणं आता ठरलेलंच. बीड जिल्ह्यात विमानतळ नाही, उड्या मारायचं मैदान नाही, तरी पॅराशूटशी आपली गाठ अशी तीन वाटांनी पडते. उडी कशी मारायची हे सांगणारे त्या-त्या ठिकाणी भेटतात. छत नीट उघडलं नाही तर काय करायचं, हे मात्र पुष्कळदा घाईत, परक्या भाषेत आणि अर्धवट सांगितलं जातं. हा लेख वाचून कुणी उडी मारायला शिकणार नाही, ते काम प्रशिक्षकाचंच. पण प्रशिक्षकाला काय विचारायचं आणि त्याचं कुठलं वाक्य कान देऊन ऐकायचं, एवढं तरी यातून कळावं.

पहिली गोष्ट धीराची आहे. स्कायडायव्हिंगच्या पाठीवरच्या पिशवीत एक नव्हे, दोन पॅराशूट असतात: वापरायचं ते मेन आणि अडचणीचं ते रिझर्व्ह. मेनमध्ये हजारेक उड्यांत एखादा असा बिघाड होतो, की ते सोडून द्यावं लागतं, असं या खेळातले लोक धरून चालतात. रिझर्व्हची घडी कुणीही घालत नाही. परवाना असलेला रिगरच ती घालतो, आणि अमेरिकेत दर 180 दिवसांनी ते उघडून, तपासून पुन्हा बांधावं लागतं. म्हणजे मेन फसलं की सगळं संपलं, असं मुळीच नाही. अमेरिकेत 2023 साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि 10 माणसं दगावली. तिथल्या अपघातांचे अहवाल वाचले तर दिसतं, की जीव जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे चांगल्या उघडलेल्या छताखाली जमिनीजवळ घेतलेलं चुकीचं वळण. दुसरं म्हणजे बिघडलेलं मेन नीट करत बसल्याने रिझर्व्ह उघडायला झालेला उशीर.

या उशिराबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. वस्तू टाकून देण्यापेक्षा ती दुरुस्त करून वापरायची, ही आपली रीत. मोटार बिघडली तर खोलून बघू, चप्पल तुटली तर शिवून घेऊ. जमिनीवर हा गुणच आहे. हवेत मात्र ‘थांब, अजून एकदा ओढून बघतो’ म्हणणारा माणूस खाली येत असतो, आणि फार वेगाने येत असतो. पोटावर आडवं राहून पडताना वेग ताशी 190 ते 200 किलोमीटरच्या घरात जातो. त्या वेगाने 1,000 फूट संपायला साडेपाच सेकंद पुरतात. अडीच हजार फुटांवर काहीच उघडलेलं नसेल, तर हातात चौदाएक सेकंद उरतात आणि त्यातले काही रिझर्व्ह पूर्ण फुगायला लागतात. म्हणून निर्णयाची उंची विमानात बसण्याआधी ठरलेली असते. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या शिकवणीत विद्यार्थ्यांसाठी ती 2,500 फूट आहे आणि अनुभवी लोकांसाठी 1,800 फूट. छत आत्ता ठीक नाही आणि उंचीमापकाचा काटा त्या आकड्यावर आला, की ते सोडायचं. लाख-दोन लाखांचं कापड कुणाच्या उसात जाऊन पडेल, याचा विचार तेव्हा करायचा नाही.

तीन प्रश्न, दोन हँडल

छत उघडलं की वर बघायचं आणि स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. आहे का? चौकोनी आहे का? ऐकतं का? ‘ऐकतं का’ म्हणजे डावा-उजवा टॉगल, म्हणजे छत वळवायची मूठ, एकेक करून खाली ओढल्यावर त्या-त्या बाजूला वळतं का आणि दोन्ही एकदम ओढल्यावर वेग मारतं का. तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तरच ते छत तुमचं.

सुधारण्यासारखे बिघाड थोडे आहेत आणि ओळखायला सोपे आहेत. कडेचे एक-दोन कप्पे फुगले नसतील, किंवा दोऱ्यांवरून खाली सरकणारा स्लायडर मध्येच अडकला असेल, तर दोन्ही टॉगल खोल ओढून सोडायचे. एक-दोनदा केलं की बहुधा मोकळं होतं. दोऱ्यांना पीळ पडला असेल आणि छत सरळ उडत असेल, तर डोक्यावरचे पट्टे, म्हणजे रायझर, दोन्ही हातांनी फाकवायचे आणि पाय सायकल मारल्यासारखे झाडायचे. पीळ उलगडतो.

पण पीळ पडून छत गरगर फिरू लागलं तर प्रकरण वेगळं. गोफणीतला दगड जसा बाहेरच्या बाजूला खेचला जातो, तसा माणूस छताच्या टोकाला फिरू लागतो. रक्त पायांकडे जातं, हात जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि उंची बघता बघता संपते. इथे पीळ सोडवत बसायचं नाही. तसंच एखादी दोरी छताच्या वरून जाऊन त्याचे दोन फुगे झाले असतील, दोऱ्यांत गाठ बसून छत एकाच बाजूला ओढत असेल किंवा कापड मोठं फाटलं असेल, तरीही.

सोडायचं कसं? बहुतेक हार्नेसवर उजव्या छातीजवळ लाल गादीसारखं कटअवेचं हँडल असतं आणि डाव्या बाजूला रिझर्व्हचं, बहुधा धातूच्या कडीचं. क्रम ठरलेला: शरीर कमानीत आणायचं, उजवं हँडल बघायचं, पकडायचं, मग डावं बघून ठेवायचं, उजवं पूर्ण हातभर ओढायचं, लगेच डावं ओढायचं. बघायचं यासाठी, की घाबरलेला हात अंदाजाने पट्ट्यालाच धरून बसतो. उजवं हँडल ओढलं की खांद्यांवरच्या तीन-तीन कड्या सुटतात आणि मेन निघून जातं. ही तीन कड्यांची युक्ती बिल बूथ यांची, 1970च्या दशकातली. मोठ्या कडीवरचा भार टप्प्याटप्प्याने लहान कडीवर आणि शेवटी एका बारीक दोऱ्यावर येतो, म्हणून अंगठा-बोटांच्या ताकदीने पूर्ण वजन सुटतं. शिकताना ती कडी हातात घेऊन दहादा सोडून बघा. प्रशिक्षक नाही म्हणत असेल तर तिथे उडी मारू नका.

मेन पाठीवरून निघालंच नसेल, तर मेन उघडायचं हँडल शोधायचे प्रयत्न फार तर दोन. तिसरा नाही. थेट रिझर्व्ह.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. 1,000 फुटांच्या खाली आल्यावर मेन सोडायचं नाही. रिझर्व्ह फुगायला जागा उरली नसेल, तर अर्धवट उघडलेलं छतही हातातून गेलेलं असेल. त्या उंचीवर मेन न सोडता रिझर्व्ह बाहेर काढायचं. डोक्यावर जितकं कापड, तितका वेग कमी. कधी मेन आणि रिझर्व्ह दोन्ही उघडून बसतात. एकामागे एक शांत उडत असतील तर दोन्ही राहू द्या, पुढच्याला अगदी हळू वळवा आणि उतरताना टॉगल ओढू नका. दोन्ही छतं एकमेकांपासून फाकून जमिनीकडे झेपावू लागली, तर मेन लगेच सोडा.

माणूस बेशुद्ध पडला किंवा घाबरून गोठला तर? त्यासाठी पाठीवर एक छोटं यंत्र असतं, एएडी. जर्मनीच्या एअरटेक कंपनीचं सायप्रेस 1991 साली आलं आणि तेव्हापासून या खेळाचं चित्र बदललं. ठरावीक उंचीखाली, अनुभवी माणसाच्या यंत्रात सुमारे साडेसातशे फुटांवर, पडण्याचा वेग अजून जास्त असेल तर ते रिझर्व्हची दोरी आपोआप कापतं. पण ते वेगावर चालतं. अर्धवट उघडलेल्या, गरगरणाऱ्या छताखाली वेग तेवढा नसेल तर ते गप्प बसतं, आणि मेनही तुमच्या वतीने सोडत नाही. त्याच्यावर विसंबून हात बांधून राहणं चुकीचं.

टँडेमची उडी

सहलीतल्या बहुतेकांची उडी टँडेमची असते. हार्नेस प्रशिक्षकाला जोडलेला आणि सगळी हँडल त्याच्या हातात. तुमचं काम थोडं आहे, पण ते न केल्याने त्याचं काम बिघडतं. कमान करा, हात छातीवरच्या पट्ट्यांवर ठेवा आणि कितीही भीती वाटली तरी त्याचे हात धरू नका. साधारण 5,000 फुटांवर छत उघडल्याचा झटका बसेल. त्यानंतर अचानक पोटात पुन्हा गोळा आला, पुन्हा पडल्यासारखं झालं आणि मग दुसरा झटका बसला, तर समजा, प्रशिक्षकाने बिघडलेलं मेन सोडून रिझर्व्ह उघडलं आहे. घडायला हवं होतं तेच घडलं. ओरडू नका, तो सांगेल ते ऐका आणि उतरताना पाय उचलून धरा.

जमिनीवर असतानाच काही गोष्टी तपासून घ्या. वजन खरं सांगा. मांड्यांचे आणि कंबरेचे पट्टे विमानात चढण्याआधी पुन्हा आवळून घ्या. हार्नेस ढिला असणं हा टँडेममधला खरा धोका आहे. ‘रिझर्व्ह कधी बांधलं? एएडी चालू केलंय का?’ हे दोन प्रश्न विचारा. चांगला प्रशिक्षक रिझर्व्ह बांधल्याचं कार्ड काढून दाखवतो. ओढणी, मफलर, लांब मोकळे केस नकोत. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये थायलंडच्या पटाया इथे नऊवारी नेसून उडी मारली, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. ते शेकडो उड्यांचा अनुभव असलेल्या बाईंचं काम होतं. त्यांनी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर मारलेली उडी तर आयुष्यातली पहिलीच होती आणि त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण आपल्या पोरांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते पहिल्या उडीचं धाडस नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं त्या पुन्हा पुन्हा सराव करत राहिल्या, ते घ्यावं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून त्या उतरल्या, त्यामागे ही वर्षं आहेत.

फौजेत जाणाऱ्यांसाठी

मराठी माणसाचं पॅराशूटशी नातं जुनं आहे. 11 डिसेंबर 1971 ला पूर्व पाकिस्तानात टांगाईलवर जी तुकडी उतरली ती 2 पॅरा, आणि ती मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन. 21 पॅरा स्पेशल फोर्सेसचं मूळही मराठाच. भरतीनंतर पॅरात निवड झाली की आग्र्याच्या हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जावं लागतं आणि पाच उड्या पूर्ण झाल्या की छातीवर विंग्स लागतात. महेंद्रसिंह धोनीने 2015 साली तिथेच, 1,250 फुटांवरून, आपल्या उड्या पूर्ण केल्या.

इथलं गणित स्कायडायव्हिंगपेक्षा कडक आहे. पॅराशूट विमानाला जोडलेल्या स्टॅटिक लाइनने आपोआप उघडतं आणि उंची कमी असते. 1,250 फुटांवर काहीच उघडलं नाही, तर जमिनीपर्यंत जेमतेम नऊ-दहा सेकंद. त्यातले चार मोजण्यात जातात. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ हे मोजणं उस्ताद रोज ओरडून म्हणायला लावतात, त्याचा कंटाळा करू नका. भीतीत माणसाला एक सेकंद दहा वाटतो किंवा दहा सेकंद एक वाटतात. मोजणीने तेवढं घड्याळ हाती राहतं. मोजून झालं, वर बघितलं, छत नाही किंवा मेणबत्तीसारखं लांबट गुंडाळलेलं आहे, तर छातीवरचं रिझर्व्ह. तुम्ही शेजारच्या जवानापेक्षा वेगाने खाली जाताय का, हेही बघा; आपण सगळ्यांच्या पुढे खाली चाललो असू तर आपल्या छतात काहीतरी खोट आहे. कुणाच्या छतावर पाय पडलाच, तर त्यावरून पळत बाहेर पडा. आणि लाइन अडकून विमानामागे लोंबकळायची वेळ आली, तर ओढले जात असताना रिझर्व्ह उघडू नका. विमानातून उड्या सोडणाऱ्या डिस्पॅचरच्या इशाऱ्याची वाट बघायची.

भरतीची तयारी करणाऱ्यांना गावातच एक गोष्ट शिकता येते: पडणं. गोल छताखाली जवान सेकंदाला पाच-सहा मीटरने खाली येतो. पाच-सहा फुटांवरून उडी मारल्यावर बसतो तेवढा दणका. पाय आणि गुडघे घट्ट जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला. तळव्याचा पुढचा भाग टेकताच एका कुशीवर कलंडायचं: पोटरी, मांडी, कुल्हा, पाठीची बाजू. हात जमिनीवर टेकवायचे नाहीत, मनगट जातं. दोन फुटांच्या बांधावरून नांगरलेल्या मऊ मातीत, कुणी जाणता उभा असताना, हे डाव्या-उजव्या दोन्ही कुशींवर अंगवळणी पाडा. सिव्हिल उड्यांतही, छत पूर्ण ऐकत नसेल तेव्हा पाय वाचतात ते यानेच.

रानात उतरावं लागलं तर

बिघाडानंतर रिझर्व्हखाली ठरलेल्या मैदानात पोचणं होतंच असं नाही. हरियाणात नारनौलला उड्या होतात, तिथेही भोवती शेतंच. आपलं रान डोळ्यांपुढे आणा. वारा कुठला हे देवळाच्या झेंड्यावरून, धुरावरून, रस्त्याच्या धुळीवरून कळतं. वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं. उभा ऊस, तुरीचं रान, विहीर आणि विजेच्या तारा टाळायच्या. नांगरलेलं रान सगळ्यात बरं. ज्वारी काढलेल्या रानात धसकटं टोचतील, पण जीव घेणार नाहीत. जमिनीजवळ एकदम वळण मारू नका. शेवटच्या दोनशे फुटांत सरळ येऊन थोडं वाकडं ठिकाण मिळालं तरी चालेल. झाडात जायची वेळ आली तर पाय जुळवा, चेहरा हातांनी झाका आणि अडकल्यावर स्वतः उतरू नका. पाण्यात पडणार असाल तर छातीचा पट्टा आधी सैल करा, पण पाय पाण्याला लागेपर्यंत हार्नेसमधून निसटू नका. पाण्यावरची उंची डोळ्यांना कळत नाही. छत अंगावर पसरलं तर एक शिवण धरून तिच्या कडेने बाहेर या.

तारांत कुणी अडकला तर गावकऱ्यांनी काठी घेऊन धावू नये. आधी महावितरणला फोन, वीज बंद झाल्याची खात्री, मग हात.

दोन्ही छतं फसली तर? तिथे खरं म्हणजे शिकवण्याजोगं फार काही नाही. 24 मार्च 1944 च्या रात्री निकोलस आल्कमेड हा ब्रिटिश सैनिक जळत्या विमानातून पॅराशूटशिवाय 18,000 फुटांवरून पडला आणि पाइनच्या फांद्या व बर्फ यांनी त्याला वाचवलं. इंग्लंडमध्ये 2015 साली मुद्दाम बिघडवलेल्या पॅराशूटसह पडलेली एक स्त्री अर्धवट फुगलेल्या रिझर्व्हमुळे आणि नांगरलेल्या मऊ शेतामुळे जगली. यातून एवढंच घ्यायचं, की वर फडफडणारं काहीही शेवटपर्यंत फुगवायचा प्रयत्न सोडू नये आणि पाय जुळवून पडावं.

किनाऱ्यावरची छत्री

बोटीमागच्या पॅरासेलिंगमध्ये बिघाड बहुधा छताचा नसतो, दोराचा असतो. खारं पाणी आणि ऊन दोराला आतून खातात, वारा वाढला की तो तुटतो. नोव्हेंबर 2021 मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर असंच झालं. नवरा-बायको समुद्रात पडले आणि लाइफ जॅकेटमुळे वाचले. दोर तुटला तरी छत फुगलेलं राहतं, वाऱ्याबरोबर वाहत हळूहळू खाली येतं. म्हणून हार्नेस वरच सोडू नका. पाण्याला टेकलात की सोडा. जॅकेटचे सगळे पट्टे बांधलेले हवेत, मुलांचं जॅकेट मुलांच्या मापाचं हवं आणि लाटांवर पांढरा फेस दिसण्याइतका वारा असेल तर त्या दिवशी नको म्हणा. पैसे भरलेले असले तरी. पॅराग्लायडिंगलाही हेच लागू. जानेवारी 2025 मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट दोघेही गेले. महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे आणि केंद्राचं हवाई क्रीडा धोरण 2022 चं आहे. नोंदणीचा कागद मागणं हा तुमचा हक्क आहे. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर परत फिरा.

कुणी जोरात आपटला असेल तर त्याला खांद्यांना आणि पायांना धरून उचलायचं नाही, उठून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. बोलत असेल, हातपाय हलवत असेल तरी मणक्याला मार असू शकतो. मान हलू न देता डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा, श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका आणि 108 ला फोन करा. छत वाऱ्याने फुगून त्याला ओढत असेल तर एका बाजूची दोरी खेचून ते आधी बसवा. पॅराशूट गुंडाळून ठेवू नका. तपासणाऱ्याला ते जसं पडलं तसं दिसायला हवं. आणि निघण्याआधीच विमा कंपनीला विचारून ठेवा, कारण अनेक अपघात विम्यांमधून साहसी खेळ वगळलेले असतात. उडीपुरतं वेगळं संरक्षण मिळत असेल तर ते लेखी घ्या आणि त्याची एक प्रत घरी ठेवून जा.